पाय धरील अशी जमीन

लेकीचा नांदेडहून फोन आला. "बाबा, आठवा लागला की मी येते बाळंतपणाला. रजेचा अर्ज देऊन टाकला."

मी "ये" म्हणलो. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला अन् खाली बघितलं. पांढरी गुळगुळीत फरशी. तिच्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्यातली रीत. पण माहेर म्हणजे आई. आई आता नाही. लातूरच्या ह्या घरात उरलो मी अन् ती फरशी. आणि त्याच फरशीवर तिची आई पडली होती.

मी सरकारी रस्त्याच्या गँगमध्ये होतो. औसा रोड, रेणापूर रोड, उन्हाळा-पावसाळा खडी टाकली, डांबर ओतलं. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झालो तेव्हा एकच हौस होती. घरातली काळी शहाबादी काढून चमकणारी फरशी बसवायची. जन्मभर खडबडीत जमिनीवर वाकलो होतो. आता तोंड दिसंल अशी जमीन पाहिजे होती. बायकोला घेऊन दुकानात गेलो. तिनं फरशीवर तळवा फिरवला अन् हळूच म्हणली, "हे घसरंल की ओ."

"तुला काय कळतं त्यातलं? जन्मभर जमीन मी सपाट केली का तू?"

चारचौघांत बोललो. तिनं फरशीवरचा हात काढून घेतला. तीच फरशी आणली.

तिनं मग तिची हिकमत केली. मोरीतून स्वयंपाकघरात यायच्या दारात ज्वारीचं रिकामं पोतं घडी करून टाकायची. ओला पाय आधी पोत्यावर, मग फरशीवर. पाच वर्षं तसं चाललं. पाहुणे यायचे असले की मी ते पोतं उचलायचो. चांगल्या फरशीवर पोतं दिसलं की मला लाज वाटायची.

त्या दिवशी माझ्या जुन्या गँगमधले दोघं जेवायला येणार होते. मी पोतं उचलून परसात फेकलं अन् बाहेर खुर्च्या मांडून राहिलो. ती हातात तांब्या घेऊन मोरीतून आली. मला आधी तांब्याचा आवाज आला, मग तिचा. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. घरी आणली तर ती खाटेवरून पाय खाली सोडीना. फरशीकडं बघायची अन् पाय वर ओढून घ्यायची. पायात ताकद होती, पण ती टेकायला तयार नव्हती.

व्यायामाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांच्या खोलीत खाली लाकडाची जमीन होती. तिथं मात्र तिनं स्वतःच चप्पल काढली. लोखंडी घोडा, वॉकर म्हणतात तो, धरून चार पावलं टाकली अन् माझ्याकडं बघून म्हणली, "हे पाय धरतंय ओ."

त्यानंतर पंधरा दिवसांत छातीत कफ धरला अन् ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेला घरभर माणसं होती. सगळी त्याच फरशीवर बसली होती. मी उभा राहिलो. मला तिच्यावर बसवेना.

पोतं मी उचललं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. पाय घसरला, एवढंच सगळ्यांना माहीत.

पुढं दीड वर्ष मी ह्या घरात भिंतीला धरून चाललो. जिकडं तिकडं पोती अंथरली. भाकर बाहेर ओट्यावर बसून खायची, भांडं तिथंच घासायचं. एकट्या माणसाचं चालून जातं. पण लेक येणार म्हणल्यावर मला झोप लागेना. आठव्या महिन्यातल्या बाईला स्वतःचे पाय दिसत नसतात. पोतं सरकलं तर? पोत्यातच पाय अडकला तर? येऊ नको म्हणावं असं दहा वेळा मनात आलं. तिच्या सासूनं तर म्हणलंच होतं, इथंच करू. लेकीनं ऐकलं नाही. म्हणली, आई असती तर गेलेच असते ना, मग आता बी जाते.

मग मला ती व्यायामाची खोली आठवली. ठरवलं, घरात लाकडाची जमीन करायची.

एकदा मी फरशी निवडली होती अन् बायको गेली. आता दुसऱ्यांदा निवडायची होती. नांदेडच्या गाडीत बसलो तेव्हा तळहाताला घाम सुटला होता. तिकीट भिजलं.

लेकीनं फोनवर दुकान सांगून ठेवलं होतं. मोठं दुकान, थंड हवा सोडलेली. पोरसवदा मालक पुढं आला. "या काका, घर नवीन का जुनं?" त्यानं पहिल्याच दमात चकचकीत पॉलिशची जमीन दाखवली. त्यात वरचा दिवा दिसत होता. मी मागं सरकलो.

"तांब्याभर पाणी मिळंल का?"

त्याला वाटलं प्यायला. मी चप्पल काढली, पाणी डाव्या पायावर ओतलं अन् त्याच्या नमुन्याच्या जमिनीवर ओला पाय टाकून घासला. सर्रकन पुढं गेला. मी त्याच्या टेबलाला धरलं.

"काका, हे काय करून राहिले?"

"जमीन बघून राहिलो."

"लोकं डोळ्यानं बघतात हो."

"डोळ्यानं बघून एकदा घेतली. पुरे झालं."

तो जरा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं काम करणाऱ्या पोरीला हाक मारली अन् बादलीभर पाणी अन् फडकं आणायला लावलं. म्हणला, "चला, पायानंच बघू." चांगला माणूस. मी एकेका नमुन्यावर ओला पाय घासला, तो मागून पुसत आला. दुकानात आलेलं एक जोडपं थांबून बघत होतं. त्यातली बाई नवऱ्याला म्हणली, "बघा, असं बघायला पाहिजे. तुम्ही नुसता रंग विचारून राहिले."

त्यानं एकेकाचं सांगितलं. हे स्वस्तातलं, ह्याच्यावर लाकडाचा नुसता फोटो असतो. हे अख्ख्या लाकडाचं, पण पावसाळ्यात फुगतं अन् उन्हाळ्यात फट पडते. आणि हे मधलं, इंजिनिअर्ड हार्डवूड.

"लाकडात बी इंजिनियर आले का? माझ्या रोडवर लई इंजिनियर बघितले. एकाचा बी भरवसा न्हाई."

तो हसला अन् त्यानं एक फळी आडवी धरून मला तिची कड दाखवली. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर. खाली सात-आठ थर, एक उभा, एक आडवा, चिकटवलेले. एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो, म्हणला. हे मला कळलं. रस्ता असाच असतो. वरचा डांबराचा काळा थर बोटभर, खरा रस्ता खाली. पण कळलं म्हणून भीती गेली नाही. मला हे बी ठाऊक होतं की ठेकेदार खाली काय घालतो ते वरून कधीच दिसत नाही.

"खाली हलकं घातलेलं नसंल कशावरून?"

"आता फळी फाडून दाखवू का काका?"

"दाखवा."

त्यानं खरंच एक तुटका नमुना आणून पकडीनं सोलून दाखवला.

शेवटी एकावर पाय थांबला. रंग ज्वारीच्या भाकरीसारखा, चकाकी अजिबात नाही. तारेच्या ब्रशनं घासून रेघा उठवलेल्या होत्या. ओला पाय घासला तर कातडीला रेघ लागत होती. कुठलं झाड म्हणून विचारलं. ओक म्हणला, बाहेरच्या देशातलं. जे झाड मी कधी बघितलं नाही त्याच्यावर लेकीला चालवायचं, ह्याची मनात धाकधूक झाली. पण माझ्या ओळखीचा सागवान पॉलिश करून ठेवलेला होता अन् तो घसरत होता. मी ओकच धरलं. तरी हो म्हणवेना. "तुकडे द्या. घरी बघतो," म्हणलो.

तीन तुकडे दिले. निघताना त्यानं बजावलं, "काका, एक ध्यानात ठेवा. हिच्यावर बादली ओतायची न्हाई. फडकं कचकून पिळून पुसायचं. पाणी साचलं की संपलं."

परत येताना लेकीच्या घरी जाऊन आलो. ती जिन्यावरून खाली येत होती, एक हात पोटावर. मी तिथूनच ओरडलो, "कठडा धर!" ती म्हणली, "धरलाच हाय की बाबा." तिचा दुसरा हात मला दिसला नव्हता.

घरी तुकड्यांची परीक्षा घेतली. एक तुकडा दिवसभर पाण्यात ठेवला. कड जराशी फुगली, वर काही झालं नाही. बाळंतिणीला शेक द्यायला खाटेखाली शेगडी ठेवतात, तिचा निखारा कधी बाहेर पडतो. म्हणून दुसऱ्यावर निखारा ठेवला. काळा डाग पडला, पण पेट घेतला नाही. तिसऱ्याला वाळवी लागते का ते बघायचं होतं. रेणापूर रोडला एका कडुलिंबाच्या बुडाशी वाळवी आहे, गँगमध्ये असताना आम्ही तिथं जेवायला बसायचो. तिथं जाऊन तुकडा पुरून आलो. बारा दिवसांनी काढला तर एका कडेला मातीचं कवच चढलेलं. दुकानात फोन लावला.

"काका, रानात पुरल्यावर वाळवी लागणारच ना! घरात खाली तुमची टाइल्स राहणार हाय. तिच्यातून वाळवी कशी येईल?"

"टाइल्स काढणार न्हाई?"

"काढायची काय गरज? हिच्यावरच बसते."

मला ती फरशी घणानं फोडायची होती. पण फोडायची म्हणजे तीन आठवडे धूळ, अन् लेक यायला वीस दिवस उरले होते. म्हणजे ती तशीच खाली राहणार. वरून लाकूड अन् खाली ती, अख्खी. ही गोष्ट मला कितीतरी दिवस टोचत राहिली.

शेवटी फोनवर हो म्हणलो. फळ्यांची खोकी आली. दोन दिवस नुसती खोलीत ठेवायची, लाकडाला घराच्या हवेची सवय होऊ द्यायची, असं सांगितलं होतं. मग मिस्त्री आला. त्यानं आधी फरशीवर पातळ फोम अंथरला. पांढरी फरशी फोमखाली जाताना मी दारात उभा राहून बघितली. शेवटचा चौकोन मोरीच्या दाराजवळचा. तो झाकला तेव्हा मिस्त्री म्हणला, "काका, बाजूला व्हा, उजेड येऊ द्या." मी हललो नव्हतो.

फळ्या एकीत एक अडकवत गेला. भिंतीपाशी बोटभर फट सोडली, लाकडाला पसरायला. सिमेंटच्या रस्त्याला बी तशी फट सोडतात, त्यावर आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं ते मोरीच्या दारातल्या पट्टीवरून. लाकूड संपून मोरी सुरू होते तिथं त्यानं पितळी पट्टी ठोकली. ती अंगठ्याला लागत होती.

"एवढी तर लागणारच काका."

"तुझ्या घरात लागू दे. माझ्या न्हाई."

मी त्याच्या समोर दहा वेळा पाय ओढत आलो-गेलो. दहातनं चार वेळा अंगठा अडला. पट्टी उपटून उताराची दुसरी लावायला लावली. त्यानं हात जोडले. जाताना म्हणला, "काका, मी मंत्र्याच्या घरात बसवली, पण एवढी तपासणी न्हाई झाली."

दुसऱ्या दिवशी लेक येणार होती. जळकोटहून माझी मेहुणी बी येणार होती, बायकोची धाकटी बहीण. बाळंतपण तीच करणार होती. तिच्या हातानं लई बाळंतपणं झालेली.

सकाळी उठून जमीन बघितली. उन्हात ती कोरडी दिसत होती, फिकी, तहानलेली. भीती माणसाला गप बसू देत नाही. मला वाटलं, ही तडकंल. उन्हाळा तोंडावर, लातूरचं ऊन. फळी तडकली, सळ निघाली, लेकीच्या पायात घुसली अन् तिनं दचकून पाय उचलला, तर? आमच्या गँगमध्ये नवा दांडा आला, फावड्याचा असो का टिकावाचा, की त्याला आधी करडीचं तेल पाजायचं. तेल पाजल्याशिवाय दांडा हातात घ्यायचा नाही. लाकडाचं खाणंच ते. तीस-बत्तीस वर्षं मी तेच केलं. स्वयंपाकघरात करडीच्या तेलाचा डबा होता. जुनं धोतर फाडून बोळा केला. गुडघ्यावर बसलो अन् पुढच्या खोलीपासून मोरीच्या दारापर्यंत जमिनीला तेल पाजलं. चांगलं दोन हातांनी रगडलं. लाकूड झळाळलं. मला वाटलं, जन्मात एक काम नीट झालं.

दुपारी मेहुणी आली. हातात पिठाचा डबा, डोक्यावर पिशवी. आत पाय टाकला अन् तिचा पाय सटकला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचली.

"अगं बया! दाजी, काय लावलंय जमिनीला?"

"तेल पाजलंय."

"तेल? जमिनीला? फावडं हाय का ही?"

मी खाली हात लावला. सकाळी लावलेलं तेल तसंच वर होतं. थेंबभर आत गेलं नव्हतं. कारखान्याचा बिनचकाकीचा लेप होता ना वर, त्याच्यातून तेल मुरणार कसं? दांड्याचं लाकूड उघडं असतं. ह्याचं तोंड आधीच बंद केलेलं. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं अन् मी विचारलं नव्हतं. पाण्याचं विचारलं, निखाऱ्याचं विचारलं, वाळवीचं विचारलं. तेलाचं विचारायचं डोक्यातच आलं नाही.

"पुसून घ्या की मग," मेहुणी म्हणली. फडक्यानं पुसलं तर तेल आणखी पसरलं. ती बादली भरायला निघाली. मी तिला आडवा गेलो. "पाणी न्हाई! पाणी साचलं की संपलं!"

"मग साबण?"

"साबणाला बी पाणी लागतंच ना!"

"मग काय, जिभेनं चाटायचं का दाजी?"

दुकानात फोन लावला. कुणी उचलला नाही. तेवढ्यात लेकीचाच फोन. जावयाला सुट्टी मिळाली नव्हती, ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर निघाली होती. "बाबा, अहमदपूर सोडलं. चहा ठेवा."

मी तिथंच खाली बसलो. डोक्यात दुसरं काही येईना, फक्त तांब्याचा आवाज. मग हाताला सवयीचं सुचलं. उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर पाझरतं, गाड्या घसरतात. त्यावर आम्ही दगडाची बारीक चुरी टाकायचो, ती डांबर पिऊन घ्यायची. घरात चुरी कुठली? मी मेहुणीनं आणलेला पिठाचा डबा घेतला अन् जमिनीवर उपडा केला.

"दाजी! बाळंतिणीच्या भाकरीचं पीठ हाय ते! जळकोटच्या गिरणीत उभी राहून दळून आणलं मी!"

"पुन्हा दळू! आता खाली बस अन् चोळ!"

ती बडबडत बसली, पण बसली. आम्ही दोघं म्हातारी माणसं गुडघ्यावर, पीठ पसरून रगडत होतो, तेलकट झालेलं पीठ सुपात गोळा करत होतो, पुन्हा पसरत होतो. माझ्या घरातलं पीठ संपलं. बेसन संपलं. शेवटी चुलीची राख आणली. पुढची खोली जरा बरी झाली. मधली अजून निसरडी होती. मोरीकडची तशीच्या तशी.

बाहेर गाडी थांबली.

मेहुणी हात झटकत उठली. रीत ती रीत. घरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं. तिनं सगळं ओट्यावर आधीच काढून ठेवलं होतं. मी आत गुडघ्यावरच होतो. लेक ओट्याच्या पायरीवर उभी होती. प्रवासानं थकलेली, तोंडावर हसू. मेहुणीनं तुकडा ओवाळला अन् तांब्यातलं पाणी सवयीनं तिच्या दोन्ही पायांवर ओतलं. लेकीनं चप्पल काढली. ओला पाय उचलला. उंबऱ्यावर ठेवला.

तिच्या आईचे पाय बी ओलेच होते.

"आत येऊ नको!"

एवढ्या जोरात मी गँगमध्ये बी कधी ओरडलो नव्हतो. लेकीचा पाय जागेवर थांबला. तिचं तोंड उतरलं. आधी तिला कळलंच नाही. मग डोळे भरले.

"आई न्हाई म्हणून मी येऊ बी नको का बाबा?"

मला बोलायचं होतं तेल, पीठ, जमीन. तोंडातून भलतंच निघालं. "त्या दिवशी पोतं मी उचललं होतं. मोरीच्या दारातलं. पाहुणे येणार होते म्हणून. तुझी आई माझ्यामुळं पडली. आता ही जमीन बी मीच निसरडी केली. तू येऊ नको. तुझ्या सासूकडं जा."

ड्रायव्हर पिशव्या ओट्यावर ठेवून गाडीकडं गेला. मेहुणी पदरानं हातावरची राख पुसत होती. मेलेली तिची सख्खी बहीण होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"उचललं असंल," ती म्हणली. "मी बी उचलते. पाहुणे आल्यावर दारात पोतं कोण ठेवतं, दाजी? अक्का बी उचलायची. मी बघितलंय."

लेक माझ्याकडं बघत राहिली. मी पिठानं पांढरा झालो होतो, मिशीवर राख, गुडघे तेलात. तिनं डोळे पुसले. मग दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. उंबऱ्यावर. तिथून आत, जमिनीवर.

"अगं, काय करतीस?" मेहुणी ओरडली.

"बसलेलं माणूस कुठं पडतं का, मावशी?"

अन् ती बसल्या बसल्या सरकायला लागली. दोन्ही तळहात मागं टेकवायची, अंग उचलायची, पुढं सरकायची. लहान असताना शहाबादीवर असंच सरकायची, चड्डी फाटायची. आता एवढं मोठं पोट घेऊन. साडी पिठात माखली. मावशी हसायला लागली ते थांबेना. लेक बी हसायला लागली, हसताना थांबायची, दम घ्यायची, पुन्हा सरकायची. मला हसू आलं नाही. मी तिच्या पुढं पुढं गुडघ्यावर, तळहातानं एकेक फळी चाचपत मागं सरकत होतो. इथं हाय थोडं, इकडून ये. इकडं कोरडं हाय. असं करत मधल्या खोलीतल्या खाटेपर्यंत तिला आणली. मावशीनं अन् मी दोन्ही बाजूंनी धरून वर बसवली.

"आता चहा तरी ठेवा," ती म्हणली.

दुकानवाल्याचा फोन संध्याकाळी आला. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर टाकून कचकून पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, असं चार दिवस करा म्हणला. मी आठ दिवस केलं. आठ दिवस लेक मला धरल्याशिवाय खाटेवरून उतरली नाही. मग मीच पाणी पायावर ओतून, घासून बघितलं. पाय धरत होता. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. आज बी सकाळी बघितलं.

तिला येऊन आता दीड महिना झाला, नववा सरत आला. डॉक्टर म्हणतात कधीही होईल. ही जमीन आवाज करते. टाइल्सवर माणूस चाललेलं कळत नव्हतं, हिच्यावर पाऊल पडलं की बारीक ठक येतो. मिस्त्री म्हणला होता, आणखी एक फोम घालून आवाज बंद करून देऊ. मी नको म्हणलो.

आता दुपारची वेळ आहे. मावशी परसात पापड वाळत घालून राहिली. मी ओट्यावर वही मांडीवर घेऊन हे लिहीत बसलोय. आत लेक उठली. ठक. ठक. स्वयंपाकघराकडं निघाली. ठक. माठापर्यंत गेली असंल. मग आवाज थांबला.

माझा हात थांबला. कान आत. एक श्वास, दुसरा, तिसरा.

"पाणी पिऊन राहिले, बाबा," ती आतून ओरडली. "पडले न्हाई."

मी पेन वहीवर टेकवला. ठक, पुन्हा सुरू झालं.